अळंबीच्या नावाने चाललेली लूट

बेळगावजवळच्या आमच्या हिंडलग्यातल्या एका काकूंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. घरी आलेल्या विक्रेत्याने अळंबीच्या पावडरीचा डबा हातात ठेवून सांगितलं होतं, "तीन महिने हे घ्या, गोळीला हात लावू नका." तीन महिन्यांनी पायाची जखम चिघळली तेव्हा मुलाने त्यांना दवाखान्यात नेलं. उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर. डबा अजून फळीवर होता, अर्धा संपलेला. हे माझ्या लेखी औषध विकणं नव्हे, हा गुन्हा आहे.

अळंबीवर माझा राग नाही. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या बायका वारुळावरची अळंबी पानात बांधून बेळगावच्या बाजारात आणतात, तेव्हा भाव न करता घेणाऱ्यांतला मी. आणि ती मधुमेह्याच्या ताटात शोभतेच. १०० ग्रॅम बटण मशरूममध्ये कर्बोदकं जेमतेम ३ ग्रॅम, तेवढ्याच शिजलेल्या भातात २८ च्या आसपास. भाताचा एक डाव कमी करून तिथे अळंबी वाढली, तर साखर कमी चढणारच. पण तो गुण मुख्यतः कमी केलेल्या भाताचा. तीच अळंबी मैद्यात घोळून, तेलात तळून मंचुरी करून खाल्ली, तर कोलेस्टेरॉलवाल्याने काय कमावलं?

अळंबीचे डबे विकणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे, "कोलेस्टेरॉलची गोळी बुरशीतूनच निघाली." निघाली, हे खरं. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात पेनिसिलियम बुरशीत पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सापडलं. १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं लोवास्टॅटिन अ‍ॅस्परजिलस बुरशीतून आलं, आणि ते धिंगरी अळंबीतही असतं. पण गोळीत मिलिग्रॅम मोजून घातलेले असतात. अळंबीतलं प्रमाण जातीगणिक बदलतं. काकूंच्या डब्यावर त्याचा आकडाच नव्हता. धिंगरीने उंदरा-सशांचं कोलेस्टेरॉल उतरलं, माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान आणि थोड्या दिवसांच्या. गॅनोडर्मा अळंबीच्या कॅप्सूलचा तर केवढा गाजावाजा! टाइप-२ मधुमेहींवरच्या त्याच्या चाचण्या २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात तपासल्या गेल्या. वापराला आधार मिळाला नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती भाषेची. काकू गेल्या त्या दवाखान्याच्या भिंतीवरचा मधुमेहाचा फलक कन्नडमध्ये आहे, तो त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या मराठीत, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलं ते फक्त त्या डब्याचं पत्रक. खऱ्या माहितीने मराठीकडे पाठ फिरवली की खोटी माहिती ती जागा घेते. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था याच बेळगावात आहे. तिथलं ज्ञान मराठी पत्रक होऊन हिंडलग्याच्या गल्लीत यायला हवं.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. डबा घेऊन कुणी दारात आलं तर त्याचं पत्रक ठेवून घ्या, नाव-गाव लिहून घ्या आणि तक्रार करा. अळंबी जरूर खा, गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. काकूंच्या पायाचं ड्रेसिंग अजून एक दिवसाआड चालू आहे.