दिवस मोजायचे कोणी?

जुहूकरहो,

7 मार्च 1995 ला बिल्डर प्रदीप जैन यांना त्यांच्या जुहूच्या बंगल्यापाशी गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी 12 मार्च 1993 ला इथल्याच सेंटॉर हॉटेलात बॉम्ब फुटला होता. दोन्ही खटल्यांत गँगस्टर अबू सालेमला जन्मठेप झाली. त्याला दया दाखवा, असं आम्ही म्हणत नाही. प्रश्न त्याच्या शिक्षेचे दिवस कुठल्या कोर्टाने मोजायचे, एवढाच आहे.

पोर्तुगालकडून त्याचं प्रत्यार्पण व्हावं म्हणून, त्याला 25 वर्षांहून जास्त डांबणार नाही, असा शब्द भारताने त्या देशाला दिला होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत 12 ऑक्टोबर 2005 पासून धरली. सालेमचं म्हणणं, चांगल्या वर्तणुकीची माफी धरा, म्हणजे मुदत भरते. डिसेंबर 2024 मध्ये विशेष टाडा न्यायालयाने सुटकेच्या तारखेचा त्याचा अर्ज फेटाळला. मग उच्च न्यायालय. जुलै 2025 मध्ये तिथे उत्तर मिळालं, सकृद्दर्शनी 25 वर्षं भरलेली नाहीत.

माफी या 25 वर्षांत धरायची का, हा कायद्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे. तो उच्च न्यायालयानेच सोडवावा. पण अटक कधी, जामिनावर किती दिवस, कच्च्या कैदेची वजावट किती, हे सगळं शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या रोजनाम्यात असतं. तुरुंगात जाणाऱ्या वॉरंटवर सहीही त्याच न्यायाधीशाची. तिथे एक तारीख चुकली की जेलर म्हणतो कोर्टातून आणा, आणि कोर्टात सांगतात, निकाल लागला, आता आमच्या हातात काही नाही. ही टोलवाटोलवी आम्हाला मान्य नाही. निकाल बदलता येत नाही हे खरं. पण दिवस मोजणं म्हणजे निकाल बदलणं नव्हे.

सालेमला मोठे वकील मिळतात. येरवड्याच्या बराकीत, घरून कोणी भेटायलाही न येणाऱ्या माणसाने रिट कशाच्या जोरावर करायची? छत्तीसगडमध्ये उच्च न्यायालयाने सात वर्षांवर आणलेल्या शिक्षेसाठी एक कैदी दहा वर्षांहून जास्त आत राहिला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला साडेसात लाख भरपाई दिली. ती तीन वर्षं मात्र गेलीच.

म्हणून मागणी ही: हिशेबाची तक्रार आधी शिक्षा देणाऱ्याच कोर्टाने ऐकावी, तुरुंगाकडून दिवसांचा लेखी तक्ता मागवावा, आणि तीस दिवसांत सुटकेची तारीख लिहून द्यावी. ती पटली नाही तर उच्च न्यायालय आहेच. मुख्य न्यायमूर्तींना द्यायच्या निवेदनावर सही करा, मग कैदी कोणीही असो.