शिखर म्हणजे अर्धी वाट

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून पूर्वेकडे पाहिले की तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात. पावसाळा लागला की इथल्या मुलांचे सहलींचे बेत सुरू होतात. जवळचे डोंगर पाहून झाले की पुढचे नाव बहुधा कळसूबाईचे असते. 1646 मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. परत आल्यावर मुलांना प्रश्न एकच विचारला जातो, ‘‘माथ्यापर्यंत गेलात का?’’ माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. ‘‘उजेड असताना, धडधाकट खाली उतरलात का?’’ असे विचारावयास हवे. त्याचे कारण पदार्थविज्ञानात सापडते.

थोडे गणित करू. 50 किलोग्रॅम वस्तुमानाचा विद्यार्थी 800 मीटर चढला, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य 50 × 9.8 × 800, म्हणजे 3 लाख 92 हजार ज्यूल होते. पण आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा अशा कार्यासाठी वापरू शकतात. बाकीच्या जवळजवळ 12 लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. ती केवळ घामावाटे बाहेर टाकायची म्हटली, तर सुमारे अर्धा लिटर पाण्याची वाफ व्हावी लागेल. कारण एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. दमट हवेत तर घाम वाळण्याऐवजी नुसताच ठिबकतो. म्हणजे पाणी आणखी लागणार!

आता उताराकडे वळू. चढताना साठलेली स्थितिज ऊर्जा उतरताना कोठेतरी जिरलीच पाहिजे. मोटारीला ब्रेक असतात; आपले ब्रेक म्हणजे मुख्यतः मांड्यांचे स्नायू. प्रत्येक पावलाला ते ताणले जात असतानाच शरीराला थोपवून धरतात. उतरताना फारसा दम लागत नाही, म्हणून उतार सोपा वाटतो. परंतु चढून थकलेल्या मांड्या थरथरू लागतात, गुडघ्यांना हिसके बसतात आणि ओल्या, शेवाळलेल्या कातळावर घर्षणही कमी झालेले असते. त्यात अंधार पडला तर पाऊल कोठे टाकावे तेही दिसत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. सहल निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवावी. त्या वेळी शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी मागे वळावे. निम्मे पाणी उतारासाठी राखावे. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने सर्वांनी चालावे.

‘‘मग साहस ते कसले?’’ असे कोणी विचारील. 26 मे 1953 रोजी टॉम बूर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स एव्हरेस्टच्या माथ्यापासून सुमारे 100 मीटर खाली पोहोचले होते. प्राणवायूच्या उपकरणाने त्रास दिला होता, वेळही फार झाली होती. ते माघारी फिरले आणि सुखरूप उतरले. तीनच दिवसांनी त्यांच्याच मोहिमेतील तेनझिंग आणि हिलरी यांनी शिखर गाठले. बूर्डिलन आणि इव्हान्स यांना भित्रे कोण म्हणेल?

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पुढच्या सहलीच्या वहीत दोन वेळा लिहा: माथ्यावर पोहोचल्याची आणि सर्वजण पायथ्याशी परतल्याची. दुसरी नोंद झाल्याशिवाय सहल पूर्ण झाली असे मानू नका.