काडी लावणारा आणि लाव म्हणणारा



केडगावला जमायचे आहे, तर आधी केडगावचीच गोष्ट. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकाने लुटली गेली. चोवीस तासांत चौदा मैलांवरच्या केडगावात बड्या सावकाराच्या गंजी पेटल्या, घरालाही आग लावली गेली. (गंज सावकाराची असेल, पण उपाशी राहतात बैल.) पुणे-नगर मिळून ९५१ जणांना धरले, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. दंग्याच्या गावांवर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च गावांच्याच माथी मारला.

काडी लावणारा गुन्हेगार, हे सांगायला वकील नको. पण 'लाव' म्हणणारा? १८६० च्या दंडसंहितेने त्यालाही धरले. चिथावणी देणारा, कटात सामील होणारा, जाणूनबुजून मदत करणारा, असे तिघे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ४५ व्या कलमात हे तिघे तसेच आहेत. गुन्हा घडला तर बहुधा करणाऱ्याइतकीच शिक्षा.

आमच्या वक्त्यांनी ५७ वे कलम मात्र नीट ऐकावे. दहापेक्षा जास्त लोकांना गुन्ह्याची चिथावणी दिली तर पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद होती, आता सात वर्षांपर्यंत. आणि गुन्हा घडलाच पाहिजे असेही नाही. टाळ्या घेऊन वक्ता गाडीत बसतो, पोलीस येतात ते ऐकणाऱ्याच्या दारात, असे आम्ही पाहिले आहे. कायदा असे म्हणत नाही.

घाबरून घरी बसा, असेही आमचे म्हणणे नाही. सभेला हजर होता एवढ्याने कोणी चिथावणीखोर ठरत नाही. बैलगाडी दिली, पण कशाला नेली ते ठाऊक नव्हते, तर ती मदत गुन्ह्याची नाही. मात्र पाच किंवा जास्त जणांचा बेकायदा जमाव झाला, की त्याचे कलम निराळे. तिथे एकाची काडी सर्वांच्या अंगावर येते.

सुप्याआधी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकाराच्या शेतात राबणे बंद केले. काडी न लावता लोण गावोगाव गेले. तीही चिथावणीच, पण गुन्ह्याची नव्हे. करडेकरांनी त्याचा न्हावी आणि पाणीही तोडले होते. ते आज करू नका, माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा कायदा आहे.

वक्त्यांनी सभेआधी अर्धा तास कार्यकर्त्यांबरोबर बसावे. काय मागायचे आणि लोकांना काय करायला सांगायचे, ते तिथेच ठरवून घेऊ.