मालक तुम्हीच, तरी पॉलिसी बंद!

म्युच्युअल विमा कंपनीत पॉलिसीधारक हेच मालक. सगळ्यांनी हप्ते भरायचे, ज्याचं घर जळेल त्याला भरपाई द्यायची. अमेरिकेतली 'स्टेट फार्म' अशीच कंपनी. पण मार्च २०२४ मध्ये तिच्या कॅलिफोर्नियातल्या उपकंपनीने सुमारे ७२ हजार पॉलिसींचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं. का? एक घर जळलं तर इतरांच्या हप्त्यांतून निभावतं; वणव्यात अख्खी वस्ती एकदम जळते. म्हणून घर कसं आहे याइतकंच ते कुठे आहे, हेही बघतात.

हिशेब चूक नाही. पण त्या यादीत पॅसिफिक पॅलिसेड्समधलीही घरं होती, आणि जानेवारी २०२५ मध्ये वणवा तिथेच पेटला. ज्याला गरज जास्त, तोच बाहेर. मग हा विमा नेमका कोणासाठी?