वेलांटी आधी, उच्चार नंतर

‘किती’ हा साधा शब्द. लिहिताना पहिली वेलांटी क-च्या आधी काढायची, म्हणताना मात्र आधी क. ‘सूर्य’मधला रफार बसतो य-च्या डोक्यावर आणि उच्चारायचा य-च्या आधी. आपल्या हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही अवघड आहे याचाच विसर पडतो. पण चौथीतल्या एखाद्या पोराला घ-ध, भ-म यांतला फरक अजून लागत नसतो. गोष्ट ऐकवा, त्याला अख्खी कळते. तोंडी हिशेबात तो दुकानदाराला हार जात नाही. पुस्तक उघडलं की घाम फुटतो. शाळेत तो ‘ढ’ ठरतो, घरी आळशी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचनातल्या या अडचणीचा, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा, समावेश आहे. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आपल्याकडे त्याआधीपासून मिळतात. त्या हव्यातच, पण दुसरीत शिकवायचं राहून गेलं ते दहावीतल्या जादा वेळात कसं भरून निघणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही वाचनदोष हेरणारी चाचणी आणली, मराठीतही. ती लहान वर्गांत वापरली गेली पाहिजे.

तिच्याऐवजी गावोगाव पोचतात त्या जाहिराती. मेंदूला व्यायाम द्या, स्मरणशक्ती वाढवा, फी हप्त्याने भरा! स्मरणशक्तीच्या अशा सरावावरचे अनेक प्रयोग मोनिका मेल्बी-लर्व्होग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये एकत्र तपासले. मुलं त्या खेळात तरबेज होतात, पण त्याचा फायदा वाचनापर्यंत, गणितापर्यंत पोचत नाही, असं त्यांना दिसलं. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूखेळांच्या अमेरिकी कंपनीला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात २०१६ साली २० लाख डॉलर मोजावे लागले. आमचं मत स्पष्ट आहे: ज्याचं वाचन अडतं त्याला वाचनच शिकवावं. शब्दातले आवाज सुटे करून ऐकवावेत, एकेक अक्षर आवाजाशी जोडावं, रोज थोडं, पुन्हा पुन्हा, न चिडता. फलटणला मॅक्सीन बर्नसन आणि त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचन शिकवण्याच्या कामात वर्षानुवर्षं घातली. ते काम कुणी जाहिरात करून हप्त्यावर विकत नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आणखी एक गुंता आहे. हेमलकशाची आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. तिथे येणाऱ्या पोरांच्या घरात माडिया, आणि शाळेतलं पुस्तक मराठीत. असं मूल वर्गात गप्प बसलं तर दोष त्याच्या मेंदूत शोधायचा की आपल्या पुस्तकात? ‘डाली’ माडियात नाही. वरोऱ्याच्या बाजूला दिवाळीनंतर कापूस वेचायला आईसोबत शेतात जाणारं पोरही मागे पडतं. त्याला चाचणीपेक्षा बुडालेले दिवस भरून देणारा मास्तर हवा. या तिघांना एकाच बाकावर ‘कच्चे’ म्हणून बसवणं सोपं जातं, म्हणूनच ते चालत आलंय.

आनंदवन आमच्या शेजारी आहे. तिथल्या अंध विद्यालयात मुलाच्या नजरेला धार लावत कुणी बसत नाही. सहा टिंबांची ब्रेल बोटाखाली देतात आणि मूल वाचू लागतं. मोठ्यांचंही तेच. कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेलेली माणसं तिथे ऐन प्रौढ वयात नवं काम शिकली. हात काय करतोय हे हाताला कळत नाही, तेव्हा त्याच्यावर सतत डोळा ठेवायचा, कढत भांडं असो की पातं. वय झालं, आता काय शिकणार, असं वरोऱ्यात तरी कुणी म्हणू नये.

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण संपादक मंडळी वाचता येणाऱ्यांसाठीच अंक काढत आलो. यंदा आमच्या दिवाळी अंकातला मुलांचा विभाग मोठ्या टायपात, अक्षरांत आणि ओळींत मोकळी जागा सोडून छापला आहे. पानं वाढली, छापखान्याचं बिल वाढलं, दोन कथा पुढच्या वर्षावर गेल्या. त्यांच्या लेखकांचा राग आम्ही ओढवून घेतला आहे.