आधी घसा तपासा

गणेशोत्सवाच्या दिवसांत पुण्याच्या नारायण पेठेत, केसरीवाड्याच्या मानाच्या पाचव्या गणपतीपासून गल्लीतल्या छोट्या मंडळापर्यंत, जयघोष करून घसे बसतात. आणि त्याच सुमारास जंतुसंसर्गाने सुजलेला एखादा लहान मुलाचा घसाही त्याच गर्दीत असतो. औषधाच्या दुकानात मात्र या दोहोंना पुष्कळदा चिठ्ठीवाचून अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीच पट्टी मिळते, जी पहिल्याला निरुपयोगी आणि दुसऱ्याला अपुरी ठरू शकते.

घसादुखी बहुतांशी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकांविना आठवडाभरात ओसरते. मुलांमधील साधारण 20 ते 30 टक्के आणि प्रौढांमधील 5 ते 15 टक्के घसादुखीमागे मात्र ‘गट अ स्ट्रेप्टोकॉकस’ हा जिवाणू असतो. अशा वेळी ताप अचानक चढतो, आवंढा गिळवत नाही, टॉन्सिलवर पुवाचे पांढरे ठिपके दिसतात आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात. उलट नाक गळणे, खोकला, बसलेला आवाज ही विषाणूची चिन्हे होत. ताप, पू, दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव यांना प्रत्येकी एक गुण देण्याची पद्धत रॉबर्ट सेंटर व सहकाऱ्यांनी 1981 साली मांडली. पण चारही गुण मिळाले तरी जिवाणू सापडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच भरते, म्हणजे अनुभवी डॉक्टरांची नजरही येथे पुरी पडत नाही. म्हणून टॉन्सिलवरून कापसाचा बोळा फिरवून घेतलेला स्वॅब हवा. जिवाणूच्या पेशीभित्तिकेतील कर्बोदक ओळखणारी जलद चाचणी काही मिनिटांत उत्तर देते. मुलांत ती नकारात्मक आली, तर रक्तमिश्रित आगारवर जिवाणू वाढवून पाहतात, ज्याला एक-दोन दिवस लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर घशात नसून हृदयात आहे. उपचार न झालेल्या संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी, मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांत, ऱ्हुमॅटिक ताप येऊ शकतो. जिवाणूशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती तेव्हा हृदयाच्या झडपांवरच उलटते, आणि झडप एकदा आखडली की ती पूर्ववत होत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले तर हे टळते, आणि विशेष म्हणजे या जुन्या, स्वस्त औषधाला हा जिवाणू अजून सरावलेला नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या वर्गाला मात्र तो अनेक ठिकाणी दाद देईनासा झाला आहे. तोंडावाटे घ्यायचे पेनिसिलिन 10 दिवस द्यावे लागते, पण तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागताच घरोघरी बाटली फडताळात जाते.

प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहेच. अन्न व औषध प्रशासनाने त्याची अंमलबजावणी पेठांतल्या दुकानांपर्यंत न्यावी आणि महापालिकेने आपल्या दवाखान्यांत जलद चाचणीची सोय ठेवावी, कारण तपासणीचा खर्च परवडेना म्हणून अंदाजाने औषध मागणाऱ्या पालकांना केवळ दोष देऊन भागणार नाही.