अ‍ॅपने इंटिग्रेशन सोडवलं. ताळा कोण करणार?

बारावीचं इंटिग्रेशन अडलं की मोबाइलने फोटो काढायचा आणि उत्तर वहीत उतरवायचं. 'फोटोमॅथ'सारखी अ‍ॅप पायऱ्याही दाखवतात. मदत घेण्यात गैर काहीच नाही. पण एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत स्वतःच सोडवायचे असतात. तिथे मोबाइल नसतो.

मदत कशी घ्याल?
आधी अडेपर्यंत स्वतः सोडवा. 'गणित येत नाही' असं म्हणू नका. 'सबस्टिट्यूशन कशाचं करू?' असं नेमकं विचारा. अडलेली पायरी कळली की अ‍ॅप बंद करा.

उत्तर पुस्तकाशी जुळत नाही?
'साइन एक्स गुणिले कॉस एक्स'चं इंटिग्रेशन घ्या. एका रीतीने 'साइन वर्ग एक्स भागिले २' येतं, दुसरीने 'उणे कॉस वर्ग एक्स भागिले २'. दोन्ही बरोबर! साइन वर्ग अधिक कॉस वर्ग म्हणजे १. त्यामुळे दोन उत्तरांत फरक फक्त १/२ चा. तो शेवटच्या स्थिरांकात सामावतो.

ताळा कसा कराल?
उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढा. मूळ फंक्शन परत मिळालं की उत्तर बरोबर. बीजगणितात आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवून पाहा.

क्लासची फी प्रत्येक घराला परवडत नाही. अशा मुलांना मोफत मिळणारी मदत मोठा आधार आहे. म्हणून शिक्षकांनी अ‍ॅपवर बंदी घालण्यापेक्षा गृहपाठात उत्तराखाली ताळा लिहिणं सक्तीचं करावं. उत्तर उतरवता येतं. ताळा करायला मात्र गणित समजावंच लागतं.